शेवटचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत : डिजिटल मिक्सरवरच्या कंप्रेसरविषयी

यवतमाळ जिल्ह्यात माईकला सुट्टी अशी नसतेच. एप्रिलात भीमजयंतीची गाणी आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामजयंती, उन्हाळाभर लग्ने, पोळा सरला की गणपती, मग नवरात्र, दिवाळीनंतर गावोगावी हरिनाम सप्ताह आणि भागवत, होळीला बंजारा तांड्यांवरची लेंगी गाणी. यवतमाळच्या दुर्गोत्सवाचे नाव कोलकात्याच्या खालोखाल घेतले जाते, हे इथला माणूस बाहेरगावी अभिमानाने सांगतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहराने दोनदा भरवले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, गोरमाटी अशा बोलींत माणसे गातात आणि बोलतात. त्यातले जे काही चार लोकांपुढे बोलले जाते, ते कुणातरी साऊंडवाल्याच्या हातून पुढे जाते. हे पुस्तक त्या साऊंडवाल्यासाठी आहे.

बिछायत केंद्राच्या गोदामात पूर्वी अहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि चार माईक एवढा पसारा असे. नंतर टॉप आणि बास आले, बारा-सोळा चॅनेलचे ॲनालॉग मिक्सर आले. आता त्यांच्या शेजारी डिजिटल मिक्सर येऊन बसला आहे. बेहरिंगरचा एक्स-थर्टीटू २०१२ साली बाजारात आला. बत्तीस माईकची सोय असलेला मिक्सर त्यामुळे लहान भाडेवाल्याच्याही आवाक्यात आला. त्याच्या मागोमाग मिडासचा एम-थर्टीटू, यामाहाची टीएफ मालिका, ॲलन अँड हीथचे क्यू आणि एसक्यू हेही आले. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक चॅनेलच्या पोटात एक कंप्रेसर आयता बसवलेला असतो. एके काळी असा एकेक कंप्रेसर वेगळा विकत घ्यावा लागे आणि तो बहुधा स्टुडिओतच दिसे. आज तो बत्तीस वेळा हाताशी आहे आणि बहुतेक ठिकाणी एक तर बंद पडून असतो, नाहीतर कुठल्यातरी तयार प्रीसेटवर आंधळेपणाने चालू असतो.

एका बटणासाठी आख्खे पुस्तक कशाला, असे कुणी विचारेल. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कंप्रेसरची कसोटी एकच आहे : हळू बोललेला शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळला का? आवाज किती दणदणीत झाला, यावर त्याचे यश मोजायचे नाही. ज्याने हा फरक ओळखला त्याच्या हातात कंप्रेसर मोठे काम करतो. ज्याने ओळखला नाही त्याच्या हातात तो शिट्टी, गोंगाट आणि जळालेल्या कॉइल यांचे कारण होतो.

आधी हे यंत्र नेमके काय करते ते पाहू. जुना, मुरलेला ऑपरेटर कार्यक्रमभर फेडरवरचा हात काढत नाही. गायिकेने तार सप्तकात सूर लावला की तो फेडर किंचित खाली घेतो, ती गुणगुणू लागली की वर नेतो. कंप्रेसर हेच काम करतो, फक्त माणसाच्या हातापेक्षा कितीतरी चपळाईने. त्याला आपण एक पातळी आखून देतो, तिला थ्रेशोल्ड म्हणतात. आवाज या पातळीच्या खाली असेपर्यंत कंप्रेसर काहीही करत नाही. आवाज वर गेला की तो किती दाबायचा हे रेशो ठरवतो. रेशो २:१ असेल तर थ्रेशोल्डच्या वर १० डेसिबल गेलेला आवाज बाहेर पडताना ५ डेसिबलच वर राहतो. ४:१ असेल तर अडीच. दाबायला किती वेळात लागायचे हे अटॅक सांगतो आणि दाब किती वेळात सोडायचा हे रिलीज. दाब अचानक सुरू व्हावा की हळूहळू, हे नी ठरवते. आणि दाबल्यामुळे एकूण आवाज खाली आला असेल तर तो परत उचलण्यासाठी मेकअप गेन असतो. एवढीच सामग्री. मोबाईलवरच्या गाण्याची फाईल लहान करतात त्यालाही कंप्रेशनच म्हणतात, पण त्याचा या विषयाशी संबंध नाही.

हे यंत्र जन्माला आले रेडिओच्या गरजेतून. ट्रान्समीटरला आवाजाची एक मर्यादा असते. ती ओलांडली की प्रसारण फाटते आणि शेजारच्या केंद्राच्या हद्दीत घुसते. सतत मीटरकडे डोळे लावून बसलेला माणूसही एखाद्या आकस्मिक आरोळीला पुरा पडत नसे. म्हणून १९३७ साली अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने ११०-ए नावाचा ॲम्प्लिफायर आणला, तो शिखरे आपोआप दाबायचा. आजही यवतमाळच्या आकाशवाणीचा कार्यक्रम एफएमवर ऐकताना निवेदकाचा शब्द आणि शहनाईचा सूर साधारण एकाच अंगाने कानावर येतात. एफएमच्या लहरीला दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंतच झुकता येते, त्यापलीकडे जायला बंदी असते, म्हणून ट्रान्समीटरच्या आधी आवाजावर असा पहारा ठेवावाच लागतो. रेडिओची ही गरज मैदानावरच्या कार्यक्रमाला जशीच्या तशी लागू होत नाही. मैदानाची स्वतःची वेगळी गरज आहे, आणि ती समजण्यासाठी थोडे गणित मांडावे लागेल.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून ५ मीटरवर वक्त्याचा आवाज ९५ डेसिबल असेल, तर १० मीटरवर ८९, २० मीटरवर ८३ आणि ४० मीटरवर ७७ उरतो. मागच्या रांगेत लेकरांची रडारड, बाजूच्या गप्पा आणि मंडपामागचा जनरेटर मिळून ६५ डेसिबलचा गलका आहे असे धरा. वक्ता जोरात बोलतो तोवर ७७ हे ६५ ला पुरून उरतात. पण माणूस एका पट्टीत बोलत नाही. वाक्य सुरू करताना छातीत श्वास भरलेला असतो, संपताना तो संपत आलेला असतो. वाक्याच्या शेवटी आवाज १५ डेसिबलने खाली आला तर चाळीस मीटरवर ६२ च पोचतात. ते गलक्याखाली बुडाले.

आणि मराठी वाक्याचा सगळा अर्थ त्या बुडालेल्या टोकाशी असतो. आपले क्रियापद शेवटी येते, नकार तर त्याच्याही नंतर येतो. ‘हे औषध त्या औषधात मिसळून फवारा’ आणि ‘हे औषध त्या औषधात मिसळून फवारू नका’ ही दोन वाक्ये शेवटच्या एका शब्दापर्यंत सारखीच ऐकू येतात. यवतमाळ जिल्ह्यात हा शब्दांचा कीस काढण्याचा विषय नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथल्या शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले. फवारणीची काळजी सांगायला गावात सभा भरते तेव्हा शेतमजूर बहुधा पुढच्या खुर्च्यांवर नसतो. तो दिवसभराचे काम आटोपून उशिरा येतो आणि मागे उभा राहतो. त्याच्यापर्यंत ‘नका’ पोचला पाहिजे. तो पोचवणे हे साऊंडवाल्याचे काम आहे, आणि चॅनेलमधला कंप्रेसर त्यासाठीच दिलेला आहे.

आता हेच काम मिक्सरवर कसे होते ते जवळून पाहू. समजा एक प्रबोधनकार बोलणार आहेत. साऊंड चेकला त्यांना नुसते ‘हॅलो, हॅलो’ म्हणू देऊ नका. एक प्रसंग हळू आवाजात आणि एक तावातावाने सांगायला लावा. मीटरवर त्यांचे सर्वात हळू बोलणे उणे ३८ ला दिसते आणि सर्वात चढा आवाज उणे ८ ला. म्हणजे दोन्हींत ३० डेसिबलचे अंतर आहे. थ्रेशोल्ड उणे २४ वर ठेवा, रेशो ३:१. चढा आवाज थ्रेशोल्डच्या १६ डेसिबल वर जात होता, आता तो साधारण साडेपाचच वर जाईल, म्हणजे उणे साडेअठराच्या आसपास थांबेल. हळू बोलणे थ्रेशोल्डच्या खालीच असल्यामुळे जिथे होते तिथेच राहील. तीसचे अंतर वीसच्या आत आले. आता मेकअप गेनने सगळे ६ डेसिबलने उचलले की हळू बोलणे उणे ३२ वर येते आणि चढा आवाज उणे साडेबाराच्या आसपासच थांबतो. चाळीस मीटरवर जो शब्द बुडत होता, तो आता गलक्याच्या वर डोके काढतो.

यातला रिलीज हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. माणूस सेकंदाला साधारण पाच-सहा अक्षरे बोलतो, म्हणजे एका अक्षराला सेकंदाचा पाचवा-सहावा भाग मिळतो. रिलीज दीड-दोन सेकंदांचा ठेवला तर वाक्याच्या सुरुवातीच्या जोरामुळे बसलेला दाब वाक्य संपेपर्यंत सुटतच नाही. आधीच खाली आलेला शेवटचा शब्द आणखी खाली दाबला जातो. आपण जे वाचवायला निघालो तेच आपल्या हाताने बुडवतो. भाषणासाठी १०० ते २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी आणि कान काय म्हणतो त्याप्रमाणे सरकावे. फार आखूड रिलीजही बरा नाही. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर १० मिलिसेकंदांची असते. रिलीज त्याच्या जवळ गेला की कंप्रेसर लहरीच्या आतच चढ-उतार करू लागतो आणि जाड आवाज खरखरतो.

मेकअप गेनच्या बाबतीत एक इशारा या प्रस्तावनेतच देणे मला आवश्यक वाटते, कारण पुस्तक अर्धवट वाचणाऱ्यानेही तो वाचलेला असावा. स्टुडिओत गायकाच्या खोलीत स्पीकर वाजत नसतो. मैदानावर माईक आणि स्पीकर एकमेकांना ऐकत असतात. वक्ता गप्प झाला की कंप्रेसर पूर्ण सुटतो आणि त्या क्षणी तुम्ही दिलेला ६ डेसिबलचा मेकअप उघडा पडतो. शिट्टी वाजायला तुमच्याकडे जेवढी जागा होती त्यातले ६ डेसिबल गेले. शिवाय मंचावर उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की आणखी ३ डेसिबल जातात. म्हणून सत्कार समारंभात आठ माईक चालू ठेवून सगळ्यांवर भरपूर कंप्रेसर लावणे म्हणजे शिट्टीला निमंत्रण. आधी नको ते माईक बंद करा, स्पीकर माईकच्या पुढे आहेत याची खात्री करा, इक्वलायझरने शिट्टीच्या जागा कमी करा आणि त्यानंतर उरलेल्या जागेत जेवढा परवडेल तेवढाच मेकअप द्या. मॉनिटरला जाणारा आवाज शक्यतो कंप्रेसरच्या आधीच्या टप्प्यावरून घ्या. गायकाला स्वतःचा आवाज दाबलेला ऐकू आला की तो आणखी जोर लावतो, घसा लवकर बसतो आणि मंचावरची शिट्टीही लवकर येते.

आपल्याकडचे खंजेरी भजन हा कंप्रेसरपुढचा सर्वात अवघड प्रश्न आहे, आणि परदेशी कंपन्यांच्या पुस्तिकांत त्याचे उत्तर मिळत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजेरीच्या साथीने गावोगाव भजने गायली, आणि त्यांचा वारसा सांगणारी भजन मंडळे यवतमाळच्या गावागावांत आहेत. सत्यपाल महाराजांच्या सप्तखंजेरीने तर विदर्भभर गर्दी खेचली. इथे गाणारा आणि वाजवणारा बहुधा एकच माणूस असतो. खंजेरी त्याच्या छातीपाशी, तोंडापासून हातभर अंतरावर. तिची प्रत्येक थाप गळ्याच्या माईकमध्ये शिरते. कंप्रेसरला गळा आणि खंजेरी यांतला फरक कळत नाही. तो थाप ऐकतो आणि दाबतो. परिणाम असा की ज्या क्षणी ताल सम गाठतो नेमक्या त्याच क्षणी शब्द मागे जातो, आणि सबंध भजन उचक्या दिल्यासारखे वाटते.

यावर उपाय आहे आणि तो डिजिटल मिक्सरमध्येच दडलेला आहे. कंप्रेसर ज्या आवाजाकडे पाहून निर्णय घेतो, त्या आवाजाला वेगळी चाळणी लावता येते. तिला की फिल्टर म्हणतात. ही चाळणी गळ्याच्या मधल्या पट्टीवर, साधारण ४०० ते २००० हर्ट्झच्या आसपास ठेवली की खंजेरीच्या कातड्याचा ठोका आणि झांजांची किणकिण या दोन्हींचा प्रभाव कमी होतो आणि कंप्रेसर मुख्यतः गळ्याच्या चालीने चालतो. लोकांना ऐकू जाणारा आवाज मात्र पूर्णच राहतो. रेशो २:१ च्या वर नेऊ नका, थ्रेशोल्ड थोडा चढा ठेवा. खंजेरीसाठी वेगळा माईक असेल तर त्याचा अटॅक २० ते ३० मिलिसेकंद ठेवा. एक मिलिसेकंद ठेवलात तर थापेचा कडकपणाच छाटला जाईल आणि खंजेरी पुठ्ठ्यावर बोट मारल्यासारखी वाजेल. कंप्रेसरने नको त्या आवाजाकडे पाहून दाबू नये म्हणून माईक ओठाला चिकटवून बोलणाऱ्यांच्या चॅनेलवर लो कट आधी लावावा. जवळून बोलल्याने जाडपणा वाढतो, तो जाडपणाच कंप्रेसरला ढोसत राहतो आणि शब्दाचा गाभा विनाकारण दाबला जातो.

डिजिटल मिक्सरने काही जुने कायदे बदलले आहेत आणि ते माहीत नसल्याने अनुभवी माणसेही गोंधळतात. पहिली गोष्ट म्हणजे कंप्रेसर आकड्यांवर काम करतो, आणि आवाजाचे आकडे व्हायच्या आधीच तो फाटला असेल तर त्याला काहीच करता येत नाही. माईकचा गेन जास्त ठेवला, लाल दिवा लागला, म्हणजे शिखर तिथेच कापले गेले. नंतर कंप्रेसरने ते कितीही खाली आणले तरी फाटलेले फाटलेलेच राहते. म्हणून गेन पहिल्यांदा, बोलण्याची सरासरी उणे १८ च्या आसपास राहील असा, आणि मग बाकीचे. दुसरी गोष्ट : गेन नंतर बदललात की थ्रेशोल्डचा अर्थ बदलतो. गेन ६ डेसिबलने वाढवला तर थ्रेशोल्डचा आकडा तोच राहूनही कंप्रेसर ६ डेसिबल जास्त आवाजावर तुटून पडतो. तिसरी गोष्ट म्हणजे सीन, म्हणजेच मिक्सरने साठवून ठेवलेली सगळी मांडणी. परवाच्या लग्नातला सीन आजच्या भागवताला उघडला, तर डीजेच्या निवेदकासाठी बसवलेला १०:१ चा दाब महाराजांच्या गळ्यावर येऊन बसतो. फेडर डोळ्यांना दिसतो, हा दाब दिसत नाही. सीन उघडला की प्रत्येक चॅनेलचा कंप्रेसर तपासण्याची शिस्त या पुस्तकात मी वारंवार सांगितली आहे.

मिक्सरच्या इफेक्टमध्ये जुन्या कंप्रेसरांच्या नकला असतात. त्यांच्या पाठीमागची माणसे आणि कल्पना माहीत असल्या की निवड सोपी होते. फेअरचाइल्ड ६७० हे १९५९ च्या सुमाराचे, राइन नार्मा यांच्या हातचे यंत्र. त्यात वीस व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि वजन ३० किलोच्या घरात. त्याचा दाब मऊ, सबंध गाण्याला एकत्र धरणारा. जिम लॉरेन्स यांच्या एलए-टूए मध्ये आवाजाप्रमाणे एक दिवा उजळतो आणि त्याच्या प्रकाशाकडे पाहणारा घटक दाब ठरवतो. प्रकाशाचा हा घटक सावकाश सुटतो, म्हणून गळ्याला तो नैसर्गिक वाटतो. बिल पुटनम यांच्या ११७६ ने १९६७ साली ट्रान्झिस्टर आणून दाबाला विजेची चपळाई दिली, तो एका मिलिसेकंदाच्या कितीतरी लहान भागात झडप घालतो. सत्तरच्या दशकात डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्सने व्होल्टेजवर चालणारा अचूक घटक वापरून कंप्रेसर स्वस्त आणि भरवशाचा केला. चॅनेलमधला साधा डिजिटल कंप्रेसर वागण्यात या शेवटच्या घराण्याला सर्वात जवळ. नक्कल निवडताना नाव पाहून भुलू नका. कीर्तनकाराला एलए-टूए शोभतो म्हणून तो ढोलकीला शोभेलच असे नाही.

कुठे कंप्रेसर लावू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर होळीला लेंगी रंगते, तेव्हा डफाचा चढत जाणारा जोर हाच तिचा प्राण असतो. सुरुवातीला संथ, मग पावलागणिक वाढत जाणारा तो चढ कंप्रेसरने सपाट केला तर गाणे राहते आणि लेंगी जाते. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलाम आणि गोंड पाड्यांवरच्या दंडारीच्या नाचात ढोलाचा पहिला आघात अंगावर यावा यासाठीच वादक हात उचलून मारतो. अशा ठिकाणी साऊंडवाल्याने माईक योग्य अंतरावर ठेवावा, गळ्याला हलका आधार द्यावा आणि वाद्यांना हात लावू नये. भीमगीतांच्या संचात मुख्य गायकाला ३:१ आणि कोरसला एकत्र बसवर (सगळे माईक जिथे एकत्र येतात त्या वाटेवर) २:१ एवढे पुरे. कोरस एका अंगाने उभा राहतो, आणि मुख्य गायकाने ओळ मोकळी सोडली की ती मोकळी राहते.

याच ओघात ध्वनिमुद्रणाविषयी माझी कळकळ व्यक्त करतो. आजचे डिजिटल मिक्सर यूएसबीच्या एका तारेने सगळे माईक वेगवेगळे करून लॅपटॉपवर उतरवतात. म्हणजे जिल्ह्यातला प्रत्येक साऊंडवाला आज नकळत संग्रहकर्ता झाला आहे. कोलामी गाणी, गोरमाटी लेंगी, जुन्या भजनी मंडळांच्या चाली म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत, त्यांतल्या बऱ्याच कुठेही लिहिलेल्या नाहीत. अशा वेळी लॅपटॉपला जाणारा आवाज कंप्रेसरच्या आधीचा, कोराच घ्या. मैदानावर त्या रात्री जे दाबावे लागले ते लोकांपुरते होते. जपून ठेवायच्या आवाजात चढ-उतार जसेच्या तसे हवेत, कारण दाबलेला आवाज नंतर पूर्ववत करता येत नाही. पन्नास वर्षांनी कुणी ती चाल शिकायला बसेल, तेव्हा गाणाऱ्या आजीने कुठे श्वास घेतला आणि कुठे आवाज लहान केला, हे त्याला ऐकू यायला हवे.

आता मोठ्या आवाजाचा प्रश्न. कंप्रेसर शिखरे कापतो आणि दऱ्या भरतो, त्यामुळे शिखर तेवढेच राहूनही सरासरी आवाज वाढतो. साध्या बोलण्यात शिखर आणि सरासरी यांत १२ डेसिबल किंवा त्याहूनही जास्त अंतर असते. ते दाबून ६ वर आणले आणि शिखर होते तिथेच नेऊन ठेवले, तर स्पीकरला मिळणारी सरासरी शक्ती चौपट होते. हॉर्नच्या ड्रायव्हरची कॉइल जळते ती बहुधा या साठलेल्या उष्णतेने. ‘लाल दिवा तर लागला नव्हता’ ही साऊंडवाल्याची तक्रार खरी असते, कारण दिवा शिखर पाहतो आणि कॉइल सरासरी सोसते.

शेजाऱ्यांचे कानही सरासरीच सोसतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, आणि ती ठराविक वेळाच्या सरासरीवर मोजली जाते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, फक्त वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकारला सणासुदीसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ही बंधने उचलून धरली. मंडळाचे कार्यकर्ते ‘आवाज वाढव’ म्हणून मागे लागतात, तेव्हा साऊंडवाला दोन्हीकडून अडचणीत येतो. त्याला माझे सांगणे असे की लोक ‘आवाज वाढव’ म्हणतात तेव्हा त्यांना पुष्कळदा ‘शब्द कळत नाही’ असे म्हणायचे असते. मास्टर फेडर वर नेण्याआधी गळ्याचा कंप्रेसर नीट बसवा, गर्दीच्या मध्यावर दोन जादा लहान स्पीकर लावा आणि मग पाहा. कमी आवाजात जास्त समजते, आणि गल्लीतल्या आजारी माणसाची झोपही शाबूत राहते.

या पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे. पहिल्या भागात कान तयार करण्याचे सराव आहेत. ते हेडफोनवर करायचे आणि मीटर झाकून करायचे. दुसऱ्या भागात थ्रेशोल्डपासून मेकअपपर्यंत एकेक घटक, प्रत्येकाला एक प्रयोग जोडून. तिसरा भाग सर्वात मोठा आहे. त्यात भाषण, कीर्तन, खंजेरी भजन, लग्न, भीमगीते, नाटक आणि कवी संमेलन यांसाठी सुरुवातीचे आकडे दिले आहेत. चौथ्या भागात मिक्सरच्या आतल्या वाटा : कंप्रेसर इक्वलायझरच्या आधी की नंतर, मॉनिटर कुठून, ध्वनिमुद्रण कुठून. इंग्रजी मेनूतले शब्द जसे पडद्यावर दिसतात तसेच देवनागरीत ठेवले आहेत, कारण रात्रीच्या गडबडीत बटण शोधताना तेच उपयोगी पडतात. मात्र पुस्तकातला कोणताही आकडा अंतिम समजू नका. तो दरवाजा आहे, आत कानानेच जायचे आहे. आकडे बसवून झाले की मिक्सर सहकाऱ्याच्या हाती द्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन दोन मिनिटे उभे राहा. तिथे वाक्यांची टोके कळत असतील तर काम झाले, नसतील तर परत या आणि रिलीजपासून तपासा.

संयोजकांनाही एक विनंती आहे. मंडपाला आणि फुलांना जितका वेळ देता त्याचा एक तुकडा साऊंड चेकला द्या. वक्ता थेट हारतुऱ्यांतून माईकवर आला तर चांगल्यातला चांगला ऑपरेटरही पहिली पाच मिनिटे अंदाजावर काढतो, आणि ती पाच मिनिटे बहुधा कार्यक्रमाचा विषय सांगणारी असतात.

शेवटी वाचकांकडे एक मागणे. हे मिक्सर ज्यांनी बनवले त्यांनी कधी खंजेरी ऐकलेली नाही, लेंगीत डफ कसा चढतो हे त्यांना ठाऊक नाही आणि कोलामी गाण्यातला कोरस कसा उभा राहतो हे त्यांच्या कुठल्याही प्रीसेटमध्ये नाही. हे ज्ञान वणी, पांढरकवडा, दारव्हा, उमरखेड, घाटंजी इथे रात्र-रात्र मिक्सरवर बसणाऱ्या माणसांच्या कानात आहे आणि अजून कागदावर आलेले नाही. तुमच्या गावच्या भजनाला, तुमच्या तांड्याच्या होळीला जे आकडे लागू पडले ते लिहून ठेवा : मिक्सर कोणता, माईक किती अंतरावर, थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज आणि त्या रात्री मागच्या रांगेत काय ऐकू आले. पुढच्या आवृत्तीत तिसरा भाग या नोंदींनी वाढवायचा माझा विचार आहे, आणि ती पाने तुमच्या नावाने छापली जातील.